शेवटचे दोन पर्याय

एमबीएच्या प्रवेशासाठी द्यायच्या जीमॅट परीक्षेची तयारी करत असताना मी चुकलेल्या प्रश्नांसाठी एक वेगळी वही ठेवली होती. डावीकडे प्रश्नाचा क्रमांक आणि प्रकार, मध्ये मी निवडलेला पर्याय आणि बरोबर पर्याय, आणि उजवीकडे चूक का झाली त्याचे कारण, अशी तिची आखणी होती. तीन महिन्यांनी ती वही पहिल्या पानापासून चाळली, तेव्हा क्रिटिकल रीझनिंगच्या पानांवर उजव्या रकान्यात जवळजवळ एकच वाक्य पुन्हा पुन्हा लिहिलेले दिसले: ‘शेवटच्या दोनांतला चुकीचा घेतला.’ ते लिहिताना प्रत्येक वेळी मला कारण सापडल्याचे समाधान वाटले होते. प्रत्यक्षात ते कारण नव्हतेच, ती नुसती घडलेली हकीकत होती. ताप का आला असे विचारल्यावर अंग गरम झाले म्हणून, असे सांगावे तसे ते होते.

ज्यांनी ही परीक्षा दिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. क्रिटिकल रीझनिंगच्या प्रश्नात चार-सहा ओळींचा एक युक्तिवाद दिलेला असतो आणि त्याखाली विचारलेले असते की हा युक्तिवाद कशावर उभा आहे, कोणत्या माहितीने तो लंगडा पडेल, कोणत्या माहितीने बळकट होईल, किंवा दिलेल्या विधानांवरून काय निश्चित म्हणता येईल. पर्याय पाच असतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये जीमॅटचे नवे स्वरूप आले, त्यात वाक्यशुद्धीचे प्रश्न गेले आणि व्हर्बल, म्हणजे भाषेच्या, विभागात उताऱ्याचे आकलन व क्रिटिकल रीझनिंग एवढेच उरले. प्रश्न २३ आणि वेळ ४५ मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला पुरती दोन मिनिटेही येत नाहीत. पाचांपैकी तीन पर्याय बहुतेकांना पहिल्या मिनिटातच नकोसे होतात. उरलेला वेळ आणि उरलेला सगळा मनस्ताप शेवटच्या दोघांवर खर्च होतो.

आता हे खरोखरच ‘फिफ्टी-फिफ्टी’ असते, तर माझी निम्मी उत्तरे तरी बरोबर यायला हवी होती. वही तसे सांगत नव्हती. दोन पर्यायांवर अडले की माझे उत्तर निम्म्याहून बऱ्याच जास्त वेळा चुकत होते. नाणे उडवले असते तर मी अधिक गुण मिळवले असते. नाण्याला कोणी भुरळ घालू शकत नाही, मला घालता येत होती, आणि ती घालणारा प्रश्नकर्ता आपले काम चोख करत होता, हे कळायला मला फार उशीर लागला.

ते कळले ते परीक्षा देऊन झाल्यावर, मी स्वतः प्रश्न रचायला बसले तेव्हा. माझी मावसबहीण यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेची तयारी करते आहे. तिथल्या दुसऱ्या पेपरात, म्हणजे सी-सॅटमध्ये, उताऱ्यांवर याच जातीचे प्रश्न येतात. एका रविवारी तिने फोन करून तक्रार केली, “ताई, मला दोन्ही बरोबरच वाटतात गं.” मी तिला सरावासाठी प्रश्न करून पाठवते असे म्हटले आणि तिथे फसले, कारण बरोबर पर्याय लिहायला मला पाच मिनिटे लागली आणि चांगला चुकीचा पर्याय लिहायला अख्खी संध्याकाळ गेली. चुकीचा पर्याय नुसता चुकीचा असून चालत नाही. तो भुरळ पाडणारा हवा, आणि तरीही उद्या कोणी हरकत घेतली तर तो का चूक आहे हे एका शब्दावर बोट ठेवून दाखवता यायला हवे. या दोन्ही अटी एकदम पाळायच्या तर रस्ते मोजकेच उरतात. त्यांतला सर्वांत हुकमी रस्ता म्हणजे वाचणाऱ्याला आधीपासून जे खरे म्हणून ठाऊक आहे तेच पर्यायात लिहायचे.

परीक्षेतले अधिकृत प्रश्न इथे उतरवून घेणे योग्य नाही, म्हणून त्या संध्याकाळी रचलेलाच प्रश्न देते. माझे माहेर निफाड तालुक्यातले, तेव्हा विषय दुसरा सुचणे शक्य नव्हते.

‘एका तालुक्यातील काही शेतकऱ्यांनी उन्हाळ कांदा साठवण्यासाठी जुन्या चाळींऐवजी हवा खेळती राहील अशा सुधारित चाळी बांधल्या. जुन्या चाळीत शंभर क्विंटलांपैकी चाळीस क्विंटल कांदा सडत असे. सुधारित चाळीत वीसच क्विंटल सडतो. साठवणुकीचे प्रमाण तेवढेच आहे. त्यामुळे या शेतकऱ्यांना साठवलेल्या कांद्याच्या विक्रीतून मिळणारी एकूण रक्कम पूर्वीपेक्षा वाढली असणार.’ हा युक्तिवाद कोणत्या गृहीतकावर अवलंबून आहे?

पहिला पर्याय: सुधारित चाळीतल्या कांद्याला मिळालेला भाव पूर्वीच्या तुलनेत इतका घसरला नव्हता, की जास्त कांदा वाचल्याचा फायदा त्यात बुडून जावा. दुसरा पर्याय: या शेतकऱ्यांना चाळीतला कांदा काढणीच्या वेळच्या भावापेक्षा चढ्या भावाने विकता आला. तिसरा पर्याय: सुधारित चाळ बांधण्याचा खर्च वाचलेल्या कांद्याच्या किमतीपेक्षा कमी होता. बाकीचे दोन सोडून देते, ते भरतीचे होते.

बहिणीने दुसरा निवडला. मग मी गंमत म्हणून माहेरी आप्पांना फोनवर हाच प्रश्न वाचून दाखवला. त्यांनी पहिला पर्याय पुरता ऐकूनही घेतला नाही. “दुसरा. चढा भाव भेटणार नसंल तर चाळीत कांदा ठेवायचा कशाला? मे महिन्यातच लासलगावला नेऊन टाकायचा की.” ज्या माणसाने चाळीस वर्षे चाळी भरल्या आणि रिकाम्या केल्या, त्याचे म्हणणे व्यवहारात शंभर टक्के बरोबर होते. प्रश्नाचे उत्तर म्हणून मात्र ते चूक होते, आणि का चूक होते ते पाहण्यासारखे आहे.

युक्तिवादात तुलना कशाची कशाशी आहे? जुन्या चाळीतून मिळणाऱ्या रकमेची नव्या चाळीतून मिळणाऱ्या रकमेशी. काढणीच्या वेळचा भाव त्या तुलनेत कुठेच येत नाही. तो आप्पांनी आपल्या अनुभवातून आणला, बहिणीने वर्तमानपत्रातून आणला. समजा, काढणीला भाव क्विंटलला १,५०० रुपये होता आणि चार महिन्यांनी चाळ फोडली तेव्हाही तो १,५०० च राहिला, एक रुपयाही चढला नाही. पूर्वी साठ क्विंटल कांदा विकून ९०,००० रुपये आले असते, आता ऐंशी क्विंटल विकून १,२०,००० येतील. दुसरा पर्याय खोटा ठरला आणि निष्कर्ष तरीही शाबूत राहिला. मग त्या पर्यायावर युक्तिवाद अवलंबून आहे असे कसे म्हणायचे? याउलट पहिला पर्याय खोटा मानून पाहा. सगळ्यांचाच कांदा वाचला, बाजारात आवक वाढली, आणि भाव पूर्वी मिळायचा त्याच्या तीन-चतुर्थांशावर किंवा त्याहून खाली आला, तर ऐंशी क्विंटल विकूनही हाती येणारी रक्कम साठ क्विंटलच्या रकमेपुढे जात नाही. निष्कर्ष तिथेच कोसळतो.

तिसऱ्या पर्यायाची गंमत वेगळी आहे. मुळात मी निष्कर्षात ‘उत्पन्न वाढले असणार’ असे लिहिले होते. बहिणीने लगेच विचारले, उत्पन्न म्हणजे पीक की पैसे? प्रश्न रास्त होता. आपल्याकडे तो शब्द दोन्ही अर्थांनी चालतो. म्हणून मी तिथे ‘विक्रीतून मिळणारी एकूण रक्कम’ असे केले, आणि तसे केल्याबरोबर तिसरा पर्याय आपोआप बाद झाला, कारण चाळीचा खर्च नफ्यातून वजा होतो, विक्रीच्या रकमेतून होत नाही. निष्कर्षात ‘नफा’ असता तर तोच पर्याय विचारात घ्यावा लागला असता. पर्यायाचा एक शब्दही न बदलता तो आत येतो किंवा बाहेर जातो, केवळ निष्कर्षातला शब्द बदलल्यामुळे. माझ्या वहीतल्या चुकांपैकी किती तरी या एकाच जागी झालेल्या होत्या: मी निष्कर्ष वाचून मनात त्याचा सारांश करून ठेवत असे, ‘चाळ फायद्याची’ असा काहीसा, आणि मग शेवटचे दोन पर्याय त्या सारांशाशी ताडून पाहत असे. सारांशाला दोन्ही लागू पडायचे, कारण तो ढोबळ होता. मूळ वाक्याला एकच लागू पडला असता.

दोन पर्याय उरले की आपण स्वाभाविकपणे ते एकमेकांशेजारी ठेवून त्यांतला अधिक चांगला कोणता ते शोधतो. माझ्या मते हीच सगळ्यात महागात पडणारी सवय आहे. प्रश्नात ‘सर्वाधिक’ हा शब्द असतो, त्यामुळे दोन्ही पर्याय थोडेथोडे बरोबर असून एक अधिक बरोबर आहे, असा समज होतो. मी जितके प्रश्न सोडवले त्यांत खरोखर अशी उतरंड असलेला प्रश्न क्वचितच भेटला. एक पर्याय काम करतो आणि दुसरा करत नाही, एवढाच फरक असतो. याबाबतीत सी-सॅटचा एक ढाचा मला फार उपयोगी वाटला. तिथे उताऱ्याखाली दोन विधाने देतात आणि पर्याय असतात: केवळ १, केवळ २, दोन्ही, किंवा एकही नाही. तिथे विधाने एकमेकांशी लावून पाहण्यात अर्थच नसतो, कारण दोन्ही बरोबर किंवा दोन्ही चूक असू शकतात; प्रत्येक विधान एकट्याने उताऱ्यासमोर उभे करावे लागते. जीमॅटचे शेवटचे दोन पर्यायही तसेच, एकावर हात ठेवून दुसरा, आणि मग उलट, असे तपासायला हवे होते, हे मला बहिणीला शिकवताना उमगले.

असे एकेकटे तपासताना मी आता स्वतःला विचारते की हा पर्याय खरा ठरवण्यासाठी मी माझ्या पदरचे एखादे वाक्य तर जोडत नाही ना? आप्पांनी जोडले होते: ‘चाळीत कांदा ठेवतात तो भावासाठीच.’ ते वाक्य खरे होते म्हणून ते जोडल्याचे त्यांच्या लक्षातही आले नाही. चुकीचा पर्याय बहुधा असाच अर्धवट बांधलेला असतो आणि उरलेली भिंत वाचणारा स्वखुशीने बांधून देतो. विषय ओळखीचा असेल तर विटाही घरच्याच वापरतो.

गृहीतकाच्या प्रश्नांत पर्याय नाकारून पाहण्याची कसोटी सगळेच शिकवतात, आणि ती वर मी वापरलीही. पण ती कसोटी नीट वापरता येत नाही ती नाकारणेच नीट जमत नाही म्हणून. ‘काढणीपेक्षा चढा भाव मिळाला’ हे नाकारा असे म्हटले की दहांतले नऊ जण ‘काढणीपेक्षा कमी भाव मिळाला’ असे म्हणतात. ते उलट झाले, नकार झाला नाही. नकारात ‘तेवढाच भाव मिळाला’ हीसुद्धा शक्यता येते आणि दुसरा पर्याय नेमका तिथेच उघडा पडतो. मराठीत आणखी एक खोच आहे. ‘सगळे शेतकरी आले नाहीत’ या वाक्याचा अर्थ काही आले, काही नाही असाही होतो आणि एकही आला नाही असाही कोणी घेऊ शकतो. म्हणून मी बहिणीला क्रियापदाला हात न लावता वाक्य तसेच ठेवून शेवटी ‘असे नाही’ जोडायला सांगितले. ‘सगळे शेतकरी आले, असे नाही.’ आता संशय उरत नाही. ‘काही शेतकऱ्यांनी चाळ बांधली, असे नाही’ हे ऐकायला जरा विचित्र वाटते, पण त्याचा अर्थ एकानेही बांधली नाही हा आहे, आणि तोच तर आपल्याला हवा असतो.

भाषेचा विषय निघालाच आहे तर ‘च’बद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. इंग्रजीतला ‘ओन्ली’ वाक्यात जरा सैल फिरतो. तो नक्की कोणाला चिकटला आहे ते संदर्भावरून ठरवावे लागते. मराठीत ‘च’ला कोणाच्या तरी गळ्यात पडावेच लागते. ‘रविवारीच वाचनालयात मासिके मिळतात’, ‘रविवारी वाचनालयातच मासिके मिळतात’ आणि ‘रविवारी वाचनालयात मासिकेच मिळतात’ ही तीन निरनिराळी विधाने आहेत आणि मराठी माणसाला त्यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. त्यामुळे दोन पर्यायांत ‘ओन्ली’ आला की मी ते मनातल्या मनात मराठीत म्हणते आणि ‘च’ कुठे बसतो ते पाहते. ‘तारण असेल तर बँक कर्ज देते’ आणि ‘तारण असेल तरच बँक कर्ज देते’ यांत एका अक्षराचे अंतर आहे, पण पहिल्यावरून तारणवाल्याला कर्ज मिळेल असे म्हणता येते आणि दुसऱ्यावरून तसे म्हणता येत नाही. दुसऱ्यावरून एवढेच कळते की ज्याला कर्ज मिळाले त्याच्याकडे तारण असणार. आपल्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, हीच गोष्ट धूर आणि अग्नी यांवरून शिकवली. डोंगरावर धूर आहे म्हणून अग्नी आहे, हे अनुमान बरोबर. पण अग्नी आहे म्हणून धूर आहे, हे चूक, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. धूर हवा तर ओले लाकूड हवे. त्या न सांगितलेल्या अटीला ते उपाधी म्हणत. परीक्षेतल्या निम्म्या फसव्या पर्यायांत कुठे तरी ओले लाकूड लपवलेले असते.

अनुमानाच्या प्रश्नांत, म्हणजे दिलेल्या विधानांवरून काय निश्चित म्हणता येईल असे विचारतात तिथे, दोन पर्याय जवळचे वाटण्याचे कारण थोडे निराळे असते. एका वाचनालयाचे गेल्या वर्षी १,२०० सभासद होते, यंदा १,५०० आहेत, आणि दोन्ही वर्षी वाचायला नेलेल्या पुस्तकांची एकूण संख्या १८,००० च आहे. एक पर्याय म्हणतो, दर सभासदामागे पुस्तकांची सरासरी घटली. दुसरा म्हणतो, नवे सभासद जुन्या सभासदांपेक्षा कमी वाचतात. सरासरी १५ वरून १२ वर आली, हा नुसता भागाकार आहे, त्यात वाद नाही. दुसरा पर्याय मात्र अधिक काही तरी सांगतो, एक गोष्ट सांगतो, आणि म्हणून तो अधिक हुशारीचा वाटतो. जुन्यांनीच वाचन कमी केले असेल आणि नव्यांनी भरपूर वाचले असेल, ही शक्यता आकडे नाकारत नाहीत. इथे फिका, कंटाळवाणा, जेमतेम काही सांगणारा पर्याय बहुधा बरोबर असतो. मुलाखतींत आणि वक्तृत्वस्पर्धांत आपल्याला जे शिकवतात त्याच्या हे बरोबर उलट आहे, त्यामुळे अंगवळणी पडायला वेळ लागतो. युक्तिवाद कमकुवत करा असे म्हटले असेल तर मात्र जोरकस भाषेला घाबरायचे कारण नाही. तिथे पर्याय खरा मानूनच चालायचे असते.

एवढे करूनही दोघे उरलेच तर? सी-सॅटमध्ये ८० प्रश्नांना २०० गुण, म्हणजे प्रत्येकी अडीच, आणि चुकीच्या उत्तराला त्याचा एक-तृतीयांश, सुमारे ०.८३ गुण कापतात. चारांपैकी दोन पर्याय खात्रीने बाद केले असतील आणि उरलेल्या दोघांत खरोखर समान शक्यता असेल, तर उत्तर देणाऱ्याला दर प्रश्नामागे सरासरीने ०.८३ गुणांचा फायदाच होतो. चारांतला एक डोळे मिटून निवडला तर सरासरी शून्यावर येते. गणित उत्तर द्या असेच सांगते. पण ‘समान शक्यता’ या दोन शब्दांवर माझा विश्वास उरलेला नाही, तो वहीमुळे. जीमॅटमध्ये प्रश्न सोडून पुढे जाताच येत नाही, त्यामुळे तिथे हा विचारच करायला नको. उलट विभाग संपल्यावर वेळ उरला तर तीन उत्तरांपर्यंत बदलता येतात. सरावाच्या एका मॉक टेस्टमध्ये मी तिन्ही बदलली आणि त्यांतली दोन आधी बरोबर होती. त्यानंतर मी ठरवले की पर्यायातला किंवा निष्कर्षातला जो शब्द पहिल्या वाचनात सुटला होता तो बोट ठेवून दाखवता आला, तरच उत्तर बदलायचे. नुसते ‘आता दुसरा बरा वाटतो’ एवढ्यावर नाही. दोन्ही पर्याय पाचव्यांदा वाचल्यावर जो बरा वाटतो तो बहुधा आपल्याला केवळ ओळखीचा झालेला असतो.

मागच्या आठवड्यात बहिणीने उलट मलाच एक प्रश्न रचून पाठवला. ‘मुदतीत अर्ज केला तर या वसतिगृहात जागा मिळते. मेघनाला जागा मिळाली आहे.’ यावरून काय निश्चित म्हणता येईल? तिने पहिले विधान ‘मेघनाने मुदतीत अर्ज केला होता’ असे दिले होते आणि दुसरे ‘मुदतीत अर्ज केलेल्या सर्वांची नावे मेघनाच्या आधी यादीत लागली’ असे काही तरी. मी ‘एकही नाही’ लिहून पाठवले. तिचा लगेच फोन आला की उत्तर ‘केवळ १’ आहे. मी म्हटले, मुदतीनंतर अर्ज करूनही जागा मिळू शकते, तुझे वाक्य ते नाकारत नाही. “अगं ताई, मुदतीनंतर कोण जागा देतं? आमच्या इथे दोन मिनिटं उशीर झाला तरी परत पाठवतात.” तिचा आवाज अगदी आप्पांसारखा लागला होता. दहा मिनिटे वाद घातल्यावर तिने फोन ठेवला, आणि थोड्या वेळाने ‘तर’च्या पुढे ‘च’ लावून तोच प्रश्न परत पाठवला, खाली लिहिले होते, “आता तुझं उत्तर चूक.”